गाडीखालचा काळा डाग

दारातली गाडी सकाळी कामावर गेली आणि तिच्या जागी फरशीवर रुपयाएवढा काळा, चिकट डाग राहिला, हे दृश्य आपल्यापैकी कित्येकींच्या ओळखीचे असेल. बहुतेक घरी डाग पुसण्याचे काम आपले आणि त्या डागाचा विचार करण्याचे काम 'ह्यां'चे, अशी वाटणी असते. 'ह्यां'ना रविवारशिवाय सवड नाही, रविवारी गॅरेज बंद! रुपयाचा डाग बशीएवढा होतो, बशीचा ताटाएवढा होतो. मग एके दिवशी मिस्त्री मान हलवून म्हणतो, "इंजिन उतरवावं लागेल बहुतेक," आणि महिन्याच्या खर्चाचा जो मेळ आपण पै-पै करून घातलेला असतो, तो त्या एका वाक्याने विस्कटतो.

खरे सांगायचे तर तेल गळणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे इंजिन उतरवावे लागत नाही. कुठले तरी रबर कडक झालेले असते, एखादा बोल्ट सैल असतो, नाही तर तेलाचा फिल्टर नीट बसलेला नसतो. पण तेल नक्की कुठून येते आहे हे कोणीतरी शांतपणे बघायला हवे. हे बघणे आपल्याला अगदी सहज जमण्यासारखे आहे. डब्याला तळाशी भोक पडले आहे की झाकणातून तेल ओघळते आहे, हे ज्या बाईला एका नजरेत कळते तिला इंजिनाचे का कळू नये?

"बायकांना यंत्रातलं काय कळतं" असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा बेंझ १८८८ साली ऑगस्ट महिन्यात दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगता त्याची गाडी घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि त्यातली दुरुस्ती माहेरी निघालेल्या एका बाईने केली, हे लक्षात असू द्या.

आता मुद्द्याचे. गाडीतून खाली जे पडते ते प्रत्येक वेळी इंजिनचे तेलच असते असे नाही. रात्री गाडी सपाट जागी उभी करा आणि पुढच्या भागाखाली जुन्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवा. रद्दीचा कागदही चालतो, पण तो वाऱ्याने उडतो आणि तेल शोषून पसरवतो, म्हणून पुठ्ठा बरा. पुढची दोन्ही चाके कुठे आहेत ते पुठ्ठ्यावर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या डाव्या अंगाला पडला की उजव्या, हे सांगता येईल.

सकाळी डागाला बोट लावून बघा, वास घ्या. स्वच्छ, बिनवासाचे पाणी असेल तर ते एसीचे आहे, सोडून द्या. उन्हाळ्यात ते पडायचेच. हिरवट, गुलाबी किंवा निळसर आणि गोडसर वासाचे पाणी म्हणजे रेडिएटरचे कूलंट. ते विषारी असते आणि त्याच्या गोडीने मांजरे-कुत्री चाटतात, तेव्हा लगेच धुऊन टाका आणि रेडिएटर दाखवून घ्या. पाण्यासारखे पातळ, फिकट पिवळे पण बोटांना बुळबुळीत लागणारे, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पडलेले असेल तर ते ब्रेकचे तेल. असे दिसले तर गाडी हलवायचीच नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचे. दाट आणि उग्र, सडक्या वासाचे असेल तर गिअरचे तेल. इंजिनचे तेल नवे असताना मधासारखे पिवळट असते, वापरून तपकिरी-काळे होते, आणि बोटांत चोळले की तव्याला लावायच्या तेलासारखे गुळगुळीत लागते. डिझेलच्या गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळेकुट्ट होते, त्याने घाबरू नये.

इंजिनचेच तेल आहे हे ठरले की गळती शोधायच्या आधी एक काम करायचे, ते म्हणजे तेलाची पातळी मोजणे. इंजिनमध्ये एक लांब पातळ पट्टी खोचलेली असते, बहुधा पिवळ्या किंवा नारिंगी कडीची. तिला डिपस्टिक म्हणतात. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पट्टी बाहेर काढा, फडक्याने कोरडी पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. पहिल्या खेपेचे बघणे खोटे असते, कारण पट्टीवर तेल उडालेले असते. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये हवे. खालच्या खुणेपाशी आले असेल तर गाडीच्या पुस्तकात जे तेल सांगितले आहे तेच थोडे थोडे घालून, दर वेळी पुन्हा मोजून, वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जास्तीचे तेल आत फिरणाऱ्या भागांनी घुसळले जाऊन त्याला फेस येतो, आणि मग सील नसले फुटत तरी फुटायला लागतात.

ही पातळी महत्त्वाची का, ते हिशेबाने बघू या. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एकच थेंब गळत असेल तर चोवीस तासांत १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. चौदा दिवसांत एक लिटर! आपल्या लहान गाड्यांच्या इंजिनमध्ये सगळे मिळून तेल असते साधारण तीन लिटर. शिवाय इंजिन चालू असताना तेलाला दाब असतो, त्यामुळे दाबाच्या जागी गळती असली तर चालत्या गाडीतून ते कितीतरी जास्त जाते, आणि ते रस्त्यावर पडत असल्याने आपल्याला दिसतही नाही. दारातल्या डागावरून पूर्ण अंदाज येत नाही, तो पट्टीवरूनच येतो.

आणि समोरच्या काचेखाली किटलीच्या आकाराचा लाल दिवा असतो ना, किल्ली फिरवली की पेटतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो, तो तेलाच्या दाबाचा दिवा. गाडी चालताना तो पेटला तर "घर दोन किलोमीटरवर आहे, हळूहळू नेऊ" हा विचार मनातही आणू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. तेलाशिवाय लोखंडावर लोखंड घासते आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते. गाडी ओढून न्यायला जे पैसे लागतील ते नव्या इंजिनापुढे काहीच नाहीत. मुले शाळेतून, 'हे' कामावरून, तुम्ही बाजारातून, घरात जे कोणी गाडी चालवत असेल त्या सगळ्यांना हा एक दिवा ओळखता आला पाहिजे.

आता शोध कसा घ्यायचा. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छताला ओल येते तेव्हा गच्चीवर भेग अगदी त्याच जागी नसते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेले आहे. पाणी भेगेतून शिरते, स्लॅबमधून वाट काढत दुसरीकडेच टपकते. इंजिनचे तेलही तसेच. ते वरून निघते, ओघळत सगळ्यांत खालच्या बोल्टाच्या टोकाशी येते आणि तिथून थेंबथेंब पडते. चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून खालून वाकून बघणाऱ्याला नेहमी चेंबरच गळतो आहे असे दिसते. इंजिनच्या तळाची तेल साठवायची जी परात असते तिला गॅरेजात चेंबर म्हणतात. बिचाऱ्या चेंबरचा दोष नसतानाही त्याच्यावर आळ येतो आणि त्याचे पॅकिंग बदलून पैसे जातात. आठ दिवसांनी डाग पुन्हा हजर!

तेव्हा इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा आणि वरून सुरुवात करा. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, पदर खोचा किंवा ओढणी बाजूला ठेवा. हातात विजेरी घ्या. ओले, चकचकीत, धूळ चिकटून काळे झालेले भाग कुठे आहेत ते बघत बघत खाली जा. जिथून ओल सुरू होते ती सगळ्यांत वरची जागा शोधायची आहे. ती सापडली की निम्मे काम झाले.

जुन्या गाडीत वर्षानुवर्षांचा चिखलतेलाचा थर असतो, त्यात काही कळत नाही. मग इंजिन पुसून घ्यावे लागते. पूर्वी यासाठी घरोघरचे रॉकेल वापरत. आता ते सहज मिळत नाही आणि नाही मिळत तेच बरे. पेट्रोल तर या कामाला कधीही वापरू नये, मिस्त्री वापरत असला तरी. वाहनांच्या सामानाच्या दुकानात इंजिन साफ करायचा द्रव मिळतो तो घ्या, किंवा भांड्यांचा लिक्विड साबण थोड्या कोमट पाण्यात घालून जुन्या दात घासायच्या ब्रशाने आणि फडक्याने पुसा. बॅटरी, अल्टरनेटर, प्लगच्या वायरी, कॉइल यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा आणि पाइपने पाणी मारू नका. ओले फडके पुरते. सगळे कोरडे झाले की ज्या सांध्यांचा संशय आहे त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. फिरणाऱ्या पट्ट्यांवर मात्र पावडर नको. मग गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणा, इंजिन बंद करा आणि पाहा. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा ओघळ असा स्पष्ट उमटतो की चष्मा नसलेल्या आजींनाही दिसावा. पहिल्या दिवशी काही दिसले नाही तर दोन-तीन दिवस रोज बघा. घाई करू नका. गळती संथ असेल तर तिला दिसायला वेळ लागतो.

मला विचाराल तर सगळ्यांत आधी तीन जागा बघाव्या.

पहिली जागा, जर गाडीची सर्व्हिसिंग नुकतीच झाली असेल तर, तेलाचा फिल्टर आणि तेल सोडायचा खालचा बोल्ट. फिल्टर म्हणजे मोठ्या वाटीएवढा पत्र्याचा डबा. त्याच्या तोंडाशी रबराची कडी असते. जुना फिल्टर काढताना कधी कधी त्याची कडी इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. दोन रबरे एकावर एक बसली की गळती ठरलेली, आणि कधी कधी ती एकदम भसकन होते. सर्व्हिसिंगनंतर त्याच आठवड्यात डाग पडू लागला तर प्रथम हे बघायला सांगा. खालच्या बोल्टाला तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची चकती असते, तिला वायसर म्हणतात. ती दर वेळी नवी घालायची असते. किंमत अगदी मामुली, पण घाईत जुनीच घातली जाते. बोल्ट गळतो म्हणून त्याला जोर लावून आवळत बसले तर चेंबरचे आटे जातात आणि मग खरोखरच मोठा खर्च येतो.

दुसरी जागा म्हणजे तेलाच्या दाबाचा स्विच. अंगठ्याएवढी वस्तू, एक वायर लावलेली. त्या लाल दिव्याचा संबंध याच्याशीच. तो आतून फुटला की वायरीच्या टोकातून तेल झिरपते. वायर काढून टोक तेलकट आहे का बघितले की कळते.

तिसरी, आणि दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीत माझा पहिला संशय जिच्यावर जाईल ती, इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचे पॅकिंग. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या किंवा जुन्या अल्टोच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनकडे बघा. तेल ओतायचे बूच ज्या लांबट झाकणावर असते तेच हे हेड कव्हर. त्याच्या आणि इंजिनच्या मध्ये रबराचे गॅस्केट असते, ज्याला आपले मिस्त्री पॅकिंग म्हणतात. आपल्या कुकरचीच रिंग समजा. कुकरची रिंग नवी असताना मऊ, लवचिक असते. वर्षभर वाफ खाऊन ती कडक होते, तिला चिरा जातात, आणि झाकण कितीही दाबा, बाजूने वाफ जातेच. इंजिनच्या रिंगेला तर वर्षानुवर्षे उकळते तेल सोसायचे असते. ती दगडासारखी झाली की झाकणाच्या कडेने तेल ओघळते, आणि ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर गाडी उभी केल्यावर जळकट वास आणि बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेषा येते. असा वास येत असेल तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नका. गरम एक्झॉस्टवर साचलेले तेल पेट घेऊ शकते.

कुकरचीच उपमा पुढे नेते. रिंग चांगली असूनही शिट्टीत डाळ अडकली तर वाफ रिंगेतून जाते की नाही? इंजिनमध्येही आतली हवा बाहेर सोडायला एक नळी आणि एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. तो काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येते. एक पॅकिंग बदलले की दुसरीकडून, ते बदलले की तिसरीकडून. असे होत असेल तर पॅकिंगे बदलत बसण्याआधी हा व्हॉल्व्ह आणि नळी साफ करून घ्या. गॅरेजमधले लोकही हे पुष्कळदा विसरतात.

हेड कव्हरचे पॅकिंग बदलणे हे घरी करण्याजोगे काम आहे. गाडीखाली शिरावे लागत नाही, इंजिन खोलावे लागत नाही. लहान मुले नसतील अशी वेळ आणि दोन मोकळे तास हवेत. आपल्या गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून पॅकिंग घ्या, शक्यतो कंपनीचे. किंमत काही शेकड्यांत असते. ज्या गाड्यांत प्लग या झाकणातून खाली जातात त्यांत प्लगच्या नळ्यांभोवतीही रबरी कड्या असतात, त्याही त्याच वेळी बदला. नाही तर तेल प्लगपाशी साचून गाडी झटके देते.

इंजिन गार असू द्या. बॅटरीची वजा खुणेची वायर काढा. झाकणावरून जाणाऱ्या नळ्या, वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. परत जोडताना हे फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतात. प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहून लावा. झाकणाचे बोल्ट एकदम एकेक पूर्ण काढू नका. सगळे थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करत या, आणि स्टीलच्या ताटलीत ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवा. झाकण चिकटून बसले असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मऊ धातूवर ओरखडा उठला की तिथून कायमची गळती. लाकडी मुठीने बाजूने हलके ठोका, सुटते.

झाकण निघाले की आतले यंत्र उघडे पडते. त्यावर लगेच स्वच्छ, धागे न सुटणारे सुती फडके पसरा. जुन्या रिंगेचा तुकडा, वाळूचा कण, काही आत पडता कामा नये. दोन्ही कडा फडक्याने कोरड्या, लख्ख पुसा. पॉलिश पेपर नको. नवी रिंग झाकणाच्या खाचेत बोटांनी नीट बसवा, कुठे पीळ राहिला नाही ना ते बघा. काही मिस्त्री सगळ्या कडेला सिलिकॉनचा लेप फासतात. त्याचे जास्तीचे तुकडे आत सुटून तेलाच्या जाळीत अडकतात आणि तेल वर चढत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तर फक्त तेवढ्या कोपऱ्यांवर मुगाएवढा ठिपका लावावा, बाकी रिंग कोरडीच बसते.

बोल्ट परत लावताना आधी सगळे हाताने. मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, तिरके समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे घट्ट करा. किती घट्ट, हे पुस्तकात दिलेले असते. असे लहान बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतात. वीतभराहून लहान, दहा सेंटीमीटरचा पाना घेतला तर त्याच्या टोकाला दहा किलोचा भार दिला तेवढा जोर, त्याहून जास्त नाही. "घट्ट म्हणजे चांगलं" ही समजूत इथे नडते. जादा आवळले की रिंग चेपून बाहेर येते किंवा बोल्टच तुटतो. नळ्या, वायरी फोटो बघून जोडा, तेलाची पातळी मोजा, गाडी पाच मिनिटे जागीच चालू ठेवून कडेने बोट फिरवून बघा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा बघा. एक्झॉस्टवर आधीच पडलेले तेल जळेपर्यंत थोडा वास येत राहील, त्याची काळजी नको.

चेंबर, क्रँकची पुढची-मागची सीले, ही कामे मात्र गॅरेजची. त्यासाठी गाडीखाली जावे लागते. टायर बदलायच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके काय, हातसुद्धा घालू नये. जॅक घसरतो आणि माणसे जातात. गॅरेजात गाडीला लोखंडी घोड्या लावतात किंवा खड्ड्यात उतरतात, ते उगीच नाही. जुन्या ८०० आणि अल्टोत रबरी टायमिंग बेल्ट असतो. पुढच्या सीलचे तेल त्याच्यावर गेले तर तो फुगतो, खराब होतो आणि वाटेत तुटतो. म्हणून पुढच्या बाजूची, पुलीच्या मागची ओल दिसली तर लगेच दाखवा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब येत असेल तर मागच्या सीलचा संशय. हे काम खरोखरच मोठे असते, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण वरून ओघळलेले तेलही याच सांध्यात जमते! म्हणून गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी वरचा सगळा भाग पुसून पुन्हा बघितला पाहिजे.

गॅरेजमध्ये आपल्याला बघून मिस्त्री म्हणेल, "वहिनी, साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." रागावू नका. "दादा, मलाच सांगा, गाडी मीच आणलीय. वरून पुसून पावडर टाकून बघितलंय, ओल हेड कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरू होते. आधी ते पॅकिंग बदला, आठ दिवस बघू, मग चेंबरचं बोलू," इतके म्हणा. पुठ्ठा आणि मोबाइलमधला फोटो दाखवा. चांगला मिस्त्री असेल तर त्यालाही बरे वाटते, त्याचा शोधायचा वेळ वाचतो. आणि जुना सुटा भाग परत मागून घ्या. कडक झालेली रिंग हातात घेऊन वाकवली की मोडते. खरेच बदलली का आणि बदलायला हवी होती का, या दोन्हींची खात्री तिथल्या तिथे होते.

तेलात मिसळून गळती थांबवण्याची औषधे बाटलीतून मिळतात. ती रबर फुगवतात. एखाद्या जुन्या सीलला काही महिने आराम पडतो, पण चिरलेली रिंग किंवा सैल बोल्ट त्याने बरा होत नाही. दाट तेल घातले की गळत नाही असा सल्लाही शेजारीपाजारी मिळेल. आजच्या इंजिनांतल्या बारीक वाटांतून दाट तेल थंडीत सकाळी वेळेवर वर पोचत नाही. पुस्तकातलेच तेल घाला. आणि पट्टीवर तेल कमी होते आहे पण पुठ्ठा कोरडा, इंजिन कोरडे, मागून मात्र निळसर धूर, असे असेल तर तेल गळत नसून आतल्या आत जळते आहे. ते दुखणे वेगळे आहे. त्याला पॅकिंग बदलून उपयोग नाही.

गळतीवर लक्ष ठेवायची माझी पद्धत साधी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी दर पंधरा दिवसांनी पट्टीची पातळी आणि किलोमीटरचा आकडा लिहायचा. इंजिनला नुसता घाम येत असेल, म्हणजे ओल दिसते पण थेंब पडत नाही आणि पातळी हलत नाही, तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबायला हरकत नाही. पातळी हलू लागली की थांबायचे नाही.

राहिला फरशीवरचा डाग. ताज्या डागावर पाणी ओतू नका, तो पसरतो. लाकडाचा भुसा, चुलीची राख किंवा कोरडी माती जाड थराने टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या. मग कपड्यांची पावडर थोड्या पाण्यात लापशीसारखी करून कुंच्याने घासा. शहाबादी फरशीत आणि सिमेंटच्या कोब्यात तेल मुरलेले असले तर दोन-तीनदा करावे लागते. कपड्यावर काळे तेल लागले तर आधी पावडर लावून तेल शोषू द्या, नंतर भांड्यांचा लिक्विड साबण बोटाने चोळून अर्धा तास ठेवा आणि मग धुवा. डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का होतो. काम करताना हातात रबरी मोजे घाला. वापरलेले काळे तेल कातडीला वारंवार लागणे चांगले नाही.

आणि ते काळे तेल घरी साठले तर गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावायला वापरू नका. गावोगावी ही रीत आहे खरी. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ते सर्व्हिस सेंटरला किंवा गॅरेजला द्या. त्यांच्याकडचे तेल पुन्हा शुद्ध करण्यासाठी नेले जाते. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'काळे तेल' असे लिहा, आणि तो डबा स्वयंपाकाच्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत मुळीच ठेवू नका.